डबीवरची दोन नावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या महिन्यात आपल्या चिटणीसबाई माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदाच्या वर्धापनदिनी तुम्ही बोलायचं." मी विचारले, "कशावर?" त्या म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंत. बायकांच्या उपयोगाचं काहीतरी सांगा." मी म्हटले, "मग मी आयशॅडोवर बोलते." त्यांना वाटले, मी थट्टाच करते आहे. माझ्या डोळ्याला काजळाखेरीज काही लागलेले आपण कोणी पाहिले नसेल. तेव्हा त्यांचे हसणे साहजिक होते. परंतु मी थट्टा करीत नव्हते. या विषयावर बोलण्याचा मला अधिकार आहे, आणि तो शिक्षणाने आलेला नसून चुकीने आलेला आहे. म्हणून आधी ती चूकच सांगते.

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आपण मंगळागौरीचे खेळ बसवले होते, हे आपल्याला आठवत असेल. पडद्यामागे एकच गर्दी उडाली होती. माझ्या भाचीने बाजारातून रंगांची एक भलीमोठी पेटी आणली होती. मुली तिला पॅलेट म्हणतात. चाळीस रंग, आत आरसा, वर मोराचे चित्र. वेळ थोडा, मुली तेरा. तेव्हा मीच पदर खोचला आणि एका ब्रशने एकामागून एक तेराही जणींच्या पापण्या रंगवल्या. मधे एका मुलीने सांगितले, "मावशी, कालपासून माझा डोळा जरा चुरचुरतोय." मी म्हटले, "जागरणानं होतं गं," आणि तोच ब्रश पुढच्या मुलीच्या डोळ्याला लावला.

आठवड्याभरात चौघींचे डोळे आले. तिघी बऱ्या झाल्या. चौथी आपल्या शेजारचीच, बारावीला असलेली. तिच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर बारीक ठिपके उठले आणि दोन महिने तिला फळ्यावरची अक्षरे धूसर दिसत होती. सराव परीक्षा तिने आईकडून प्रश्न वाचून घेऊन घरीच सोडवल्या. सुदैवाने डोळा पूर्ववत झाला. डॉक्टर म्हणाले, "हा विषाणूचा आजार आहे. हाताने, टॉवेलने, ब्रशने, कशानेही जातो." रंगानेच झाले, असे त्यांनी म्हटले नाही. परंतु त्या संध्याकाळी तेरा जणींच्या डोळ्यांना लागलेला ब्रश एकच होता आणि तो माझ्या हातात होता, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

घरी येऊन मी ती पेटी उलटी करून पाहिली. बनवणाऱ्याचे नाव नाही, पत्ता नाही, तारीख नाही. मुलांना प्रयोगशाळेत "लेबल नसलेल्या बाटलीला हात लावू नका" असे तीस वर्षे बजावणाऱ्या बाईने बेनाव डबीतला रंग तेरा मुलींच्या डोळ्यांना लावला होता!

असे का झाले, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, याचे मूळ आपल्या एका चांगल्या सवयीत आहे. हळदीकुंकवाला कुंकवाचा करंडा चारचौघींत फिरतो. एकीच्या बोटाचे कुंकू दुसरीच्या कपाळी लागते, त्यात आपलेपणा आहे. त्याच भावनेने आपण रंगाची डबीही फिरवतो. "माझी नको लावू" असे म्हणणे कोतेपणाचे वाटते. परंतु कपाळ निराळे आणि डोळा निराळा. कपाळाची कातडी जाड असते. पापणीची कातडी सगळ्या शरीरात पातळ. खाली लगेच ओला डोळा, कडेला केसांची मुळे आणि तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी. या ग्रंथींची तोंडे बुजली की रांजणवाडी होते, पापणीच्या कडा सुजतात. शिवाय डोळे येण्याच्या साथीचा विषाणू कोरड्या वस्तूवरही कित्येक दिवस तग धरतो. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती. घरातल्या एकाचे आले की सगळ्यांचे येत, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळजणींना आहे. एका घरात वेगळा टॉवेल ठेवायला आपण शिकलो; वेगळा ब्रश ठेवायला शिकलो नाही.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. डोळ्याला लावायच्या डबीवर दोन नावे असली पाहिजेत. एक, ती बनवणाऱ्याचे. दुसरे, ती वापरणारीचे. यांपैकी एक जरी नसले, तरी ती डबी डोळ्याला लावू नये.

आता पहिल्या नावाकडे वळते. त्या आधी डबीत असते काय, ते पाहू. नाहीतर उगाच भीती वाटायची. चांगल्या आयशॅडोत फारसे गूढ काही नाही. तिचा मुख्य भाग म्हणजे शंखजिऱ्याची भुकटी, जिला आपण टाल्कम म्हणतो, आणि अभ्रकाची पूड. तपकिरी, तांबूस आणि पिवळसर छटा लोहाच्या ऑक्साइडच्या असतात. आपण तुळशीवृंदावनाला लावतो त्या गेरूचा रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच. फरक इतकाच की प्रसाधनातला शुद्ध करून घेतलेला असतो. निळ्या छटेत बहुधा अल्ट्रामरीन असते. पूर्वी धोतरांना देत ती नीळ याच जातीची. चकाकी येते ती अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर चढवल्यामुळे. हे सगळे बांधून ठेवायला थोडे तेलकट द्रव्य आणि बुरशी धरू नये म्हणून संरक्षक द्रव्य. यात भिण्यासारखे काही नाही. मात्र प्रश्न असा, की डबीत हेच आहे आणि दुसरे काही नाही, याची हमी कोण देणार? हमी देणाऱ्याला नाव-पत्ता लागतो. ज्याने नावच लिहिले नाही, त्याने हमी दिलेली नाही.

ही नावाची गोष्ट जगाला सोपेपणाने कळलेली नाही. १९३३ साली अमेरिकेत 'लॅश ल्युअर' नावाचा भुवया-पापण्यांना लावायचा कलप निघाला. त्यात कोळशाच्या डांबरापासून काढलेला एक तीव्र रंग होता. तो लावून बायकांच्या पापण्यांवर जखमा झाल्या, दृष्टी गेली, एकीचा तर मृत्यू झाला. आणि तिथल्या सरकारला तो माल जप्तही करता येईना, कारण प्रसाधने कायद्याच्या कक्षेतच नव्हती. पुढे १९३८ साली नवा कायदा झाला, तेव्हा कुठे त्याला पायबंद बसला. आपल्याकडे १९४० चा औषध कायदा होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात सौंदर्यप्रसाधनेही आली. आता २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. आणि हो, त्या कलपातल्याच कुळातला रंग आज केसांच्या पुष्कळ कलपांत आणि झटपट चढणाऱ्या काळ्या मेंदीत असतो. म्हणून केसांना कलप लावताना "भुवईलाही जरा लावते" असे कधी करू नका. पाकिटावर तशी सूचना लिहिलेली असते. आपण ती वाचत नाही.

आपले नियम काय म्हणतात? प्रसाधनाला रंग देण्यासाठी शिशाची किंवा सोमलाची संयुगे वापरायला मनाई आहे. वापरायच्या सेंद्रिय रंगांत अशुद्धी म्हणूनसुद्धा दहा लाख भागांत शिसे २० भागांहून अधिक आणि सोमल २ भागांहून अधिक असता कामा नये. वेष्टनावर बनवणाऱ्याचे नाव आणि पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरावे ती तारीख आणि घटकांची यादी असावी लागते. माल परदेशी असेल, तर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक हवा. दुकानात उभे राहून चष्मा लावून एवढे वाचायला एक मिनिट पुरते. दुकानदार हसला तर हसू द्या. संशय आला तर आपल्याच शहरात अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय आहे. तिथे लेखी तक्रार देता येते. म्हणून पावती जपून ठेवावी.

कोणी म्हणेल, "बाई, इतकी काय भीती?" तर अकोल्याची गोष्ट ऐका. २०२३ साली वर्तमानपत्रांत आली होती. एका घरातल्या आई आणि दोन मुली अशा तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा कळले, की तिघीही गोरेपणासाठी एकच स्थानिक क्रीम लावीत होत्या, आणि त्या क्रीममध्ये पारा मर्यादेच्या कितीतरी पट होता. ते क्रीम होते, आयशॅडो नव्हे, हे खरे. परंतु कातडीवाटे विष रक्तात जाऊ शकते, आणि घरात एकच डबी तिघींत फिरते, हे दोन्ही धडे त्यात आहेत.

आता आपल्या घरच्या वस्तूंकडे वळू, कारण "विकतचे वाईट आणि घरचे चांगले" असा आपला एक ठाम समज आहे. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचे तामण धरून पाडलेले काजळ आमच्या आजीच्या हातचे अप्रतिम असे. त्या काजळीत शिसे नसते. परंतु ती बोटाने घालायची, आणि बोट तान्ह्याच्या डोळ्यात जायचे, तिथे जंतूंची सोय होते. तान्ह्या मुलाच्या डोळ्यात काहीच घालू नये, असे आजचे डॉक्टर सांगतात, आणि दृष्ट लागू नये म्हणून तीट तळपायाला लावली तरी आजीचे समाधान होते. सुरम्याची गोष्ट मात्र गंभीर आहे. बाजारातला दगडी सुरमा पुष्कळदा शिशाचे सल्फाइड असतो. मुलांच्या वाढत्या मेंदूला शिसे अगदी थोडे असले तरी घातक. तेव्हा सुरमा घरातून काढून टाकावा, हे मी अगदी स्पष्ट सांगते.

दुसरी वस्तू शेंदूर. आपल्या वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचे वर्षानुवर्षांचे शेंदराचे थर २०२२ साली काढले आणि देवीचे मूळ रूप भक्तांना दिसले. आपल्यातल्या पुष्कळजणी त्या नवरात्रात गडावर जाऊन आल्या. देवीच्या पाषाणाला शेंदूर शोभतो. परंतु पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. नाटकात, नाचात मुली घाईने शेंदूर, कुंकू किंवा गुलाल पापणीवर ओढतात, तो प्रकार बंद झाला पाहिजे. चांगल्या हळदीच्या कुंकवातसुद्धा चुना असतो, आणि तो डोळ्यात गेला तर काय होते, ते पान लावणाऱ्यांनी विचारून पाहावे! तीच गोष्ट राखी-तोरणाला चिकटवायच्या चमकीची. तिचे कण प्लॅस्टिकचे आणि कडा धारदार असतात. डोळ्यात गेली तर बुबुळाला ओरखडा पडतो.

आता निवडीचे थोडे. आमच्या काळी हे चोचले नव्हते, असे काही वडीलधाऱ्या मैत्रिणी म्हणतील. त्यांना मी आठवण देते, की लॅक्मे ही देशी कंपनी टाटांनी १९५२ साली काढली ती आपल्या बायका प्रसाधने वापरीत होत्या म्हणूनच! नटण्यात वाईट काही नाही. मात्र चाळीस रंगांच्या पेटीतले आपण वापरतो चार, आणि उरलेले छत्तीस वर्षानुवर्षे जुने होत राहतात. तेव्हा चार रंगांची चांगली पेटी घ्यावी. एक फिका, कातडीच्या जवळचा. एक मध्यम तपकिरी. एक गडद, कॉफीसारखा. आणि एक समारंभाचा. समारंभाचा रंग कोणता, हे पैठणीला विचारावे. येवला आपल्याच जिल्ह्यातले. मोरपंखी पैठणीवर मोरपंखीच पापणी केली तर दोन्ही एकमेकींशी भांडतात. त्यापेक्षा काठाच्या जरीतला सोनेरी रंग पापणीवर हलका घ्यावा. अंजिरी किंवा वांगी रंगाला तपकिरीवर जांभळट झाक पुरते. आपल्या गव्हाळ-सावळ्या वर्णावर खडूसारखे फिके रंग राखाडी दिसतात. उबदार तांबूस छटा खुलतात. आणि पन्नाशी उलटलेल्या आपण सगळ्यांनी चकाकीचा रंग बेताने लावावा. ती सुरकुतीत जाऊन बसते आणि लपवायचे तेच दाखवते.

दुकानात नमुन्याचा रंग उघडा ठेवलेला असतो. तो कधीही डोळ्याला लावू नये. त्यात किती जणींची बोटे गेली, कोण मोजणार? मनगटाच्या आतल्या बाजूला लावावा आणि दुकानाच्या दारात उन्हात पाहावा. आतल्या दिव्यांत रंग फसवतो. काही परदेशी पेट्यांत भडक गुलाबी, जांभळ्या छटांखाली "डोळ्यांभोवती वापरू नये" असे बारीक अक्षरांत असते, कारण ओठांना चालणारा प्रत्येक रंग डोळ्याला चालतोच असे नाही. घरी आणल्यावर दोन-तीन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला सकाळ-संध्याकाळ थोडा लावून पाहावा. खाज, लाली आली नाही, तरच पापणीला.

आता दुसरे नाव, वापरणारीचे. डबी घेतली की मागे कागदाची चिठ्ठी चिकटवा. तिच्यावर आपले नाव आणि डबी उघडल्याची तारीख लिहा. लोणच्याच्या बरणीला आपण करतो ना, तसेच. वेष्टनावर उघड्या डबीचे चित्र असून त्यात '१२' किंवा '२४' असा आकडा असतो; उघडल्यापासून तितके महिने ती वापरावी. भुकटीचे रंग साधारण दोन वर्षे चालतात. ओले, मलईसारखे रंग त्याहून लवकर टाकावेत. मस्कारा तर तीन-चार महिन्यांत. ब्रश आठवड्याने सौम्य साबणाने धुवावा आणि केस खाली करून वाळवावा. रंग ओला करायला थुंकी लावू नये. हे सांगायला लागू नये, पण मी पाहिले आहे. पापणीच्या आतल्या ओल्या कडेला भुकटी लावू नये. चालत्या रिक्षात डोळे रंगवू नयेत. लेन्स वापरणाऱ्या मुलींनी आधी लेन्स घालून मग रंग लावावा, आणि उतरवताना आधी लेन्स काढावी. ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी डॉक्टर परवानगी देईपर्यंत काजळसुद्धा लावू नये. रात्री कितीही उशीर झाला, तरी कापसाने हलक्या हाताने रंग उतरवून, तोंड धुऊनच निजावे. डोळा चुरचुरत असेल त्या दिवशी रंग लावू नये. आणि डोळे येऊन गेले, तर त्या वेळची डबी आणि ब्रश टाकून द्यावा. जीव हळहळतो, पण टाकावा. डोळा लाल असून दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा धूसर दिसत असेल, तर घरगुती उपाय करीत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

शेवटी आपल्या मंडळाबद्दल. आज संध्याकाळी पुन्हा कार्यक्रम आहे. पडद्यामागे एक मेज मांडले आहे. त्यावर आरसा, कापूस, साबण आणि कापसाच्या काड्यांचे डबे आहेत. मंडळाची सामाईक रंगपेटी नाही. ती आम्ही बंद केली. जिने आपली डबी आणली आहे, तिने ती वापरावी. जिच्याकडे नाही, तिच्यासाठी कोऱ्या काडीने स्वच्छ ताटलीत थोडा रंग खरडून दिला जाईल. काडी एकदाच वापरायची. आणि ती काडी हातात धरण्याआधी प्रत्येकीला विचारले जाईल, "डोळा चुरचुरतो का गं?" हो म्हणाली, तर काजळाविनाच तिचे नाचणे आम्हाला गोड वाटेल. हा प्रश्न विचारायचे काम मी मागून घेतले आहे.

ती बारावीची मुलगी आता कॉलेजात जाते. आज ती समोरच्या रांगेत बसली आहे. मी तिची आणि तिच्या आईची क्षमा मागितली तेव्हा ती म्हणाली, "मावशी, मी पण नाही म्हणू शकले असते." मैत्रिणींनो, तिचे हे बोलणे मला फार लागले. मोठ्या माणसाच्या हातातला ब्रश पाहून "माझी डबी वेगळी आहे" असे म्हणायचे धैर्य मुलींना यावे, आणि ते ऐकून आपल्याला राग येऊ नये, एवढे झाले तरी माझ्या चुकीचे काहीतरी चीज झाले, असे मी समजेन.